पुस्तकात २,८००, रेंजवर २,६९०: घरी भरलेल्या काडतुसाचा वेग कमी का भरतो?

कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सजवळची नेमबाजीची एक रेंज. नोव्हेंबरातली सकाळ, पारा २० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ७ सेल्सिअस. महिनाभर रात्री गॅरेजमध्ये बसून मी थर्टी-ऑट-सिक्सची (.३०-०६) पन्नास काडतुसं भरली होती. १६५ ग्रेनची गोळी, एच-४३५० ही दारू (म्हणजे काडतुसात जळणारी पावडर), सगळं काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या मर्यादेच्या आत. पुस्तकात वेग दिला होता सेकंदाला २,८०० फूट. पहिल्या दहा गोळ्यांची क्रोनोग्राफवरची, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावरची, सरासरी आली २,६९०. एकशे दहा फूट कमी.

त्या क्षणी मनात जे आलं, ते या छंदातल्या जवळपास प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येतं: अजून थोडी दारू घातली तर? हा लेख त्या विचाराला थांबवण्यासाठी आहे. तूट कुठून आली याचा हिशेब लागतो, आणि एका ठरावीक क्रमाने गेलं तर एक-दोन रेंजच्या फेऱ्यांत लागतो. तो हिशेब मांडायच्या आधी दारूच्या डब्याला हात लावू नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. माझं लहानपण खडकीत गेलं, अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीच्या परिसरात. तो कारखाना १८६९ पासूनचा. तिथे काडतूस हा सरकारी, कडेकोट बंदोबस्तातला विषय होता, आणि इथे अमेरिकेत शेजारचे आजोबा गॅरेजमध्ये रेडिओ लावून काडतुसं भरताना पाहिले तेव्हा मला धक्काच बसला. पुढे तेच माझे गुरू झाले. तेव्हा हे लिखाण जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथल्या मराठी माणसांसाठी आहे. आणि यात मी दारूचं एकही प्रमाण देणार नाही. प्रमाण फक्त दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातून घ्यायचं, कुणाच्या लेखातून नाही.

पुस्तकातला आकडा म्हणजे नेमकं काय

पुस्तकात छापलेला वेग हे वचन नसतं. एका विशिष्ट नळीतून, एका विशिष्ट दिवशी, दारूच्या एका विशिष्ट लॉटने मिळालेली ती नोंद असते. बहुतेक मोठ्या प्रयोगशाळा नेहमीची रायफल वापरत नाहीत. जाडजूड चाचणी-नळी एका भक्कम पकडीत बसवलेली असते, तिला दाब मोजणारा सेन्सर लावलेला असतो. ही नळी 'सामी'च्या मापांनुसार कापतात. 'सामी' म्हणजे स्पोर्टिंग आर्म्स अँड अम्युनिशन मॅन्युफॅक्चरर्स इन्स्टिट्यूट, १९२६ साली स्थापन झालेली अमेरिकी उत्पादकांची संस्था. काडतुसांची मापं आणि दाबाच्या मर्यादा तीच ठरवते.

चाचणी-नळीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती मागची जागा, परवानगी असलेल्या मापांपैकी लहानात लहान मापाकडे झुकलेलं असतं. नळी बहुतेक रायफल काडतुसांसाठी २४ इंच. खोलीचं तापमान ७० अंश फॅरनहाइटच्या आसपास. आता तुमची रायफल बघा. नळी बावीस इंच, चेंबर थोडं सैल, कारण कारखान्यात बनलेल्या रायफलीत जाडसर बनलेलं काडतूससुद्धा अडकू नये अशी काळजी घेतलेली असते, आणि तुम्ही उभे आहात बर्फात. वेग सारखा येण्याचं कारणच नाही.

जुन्या आकड्यांबद्दलही सांगायला हवं, कारण पुष्कळ जणांच्या डोक्यात वडिलांकडून किंवा जुन्या मासिकांतून आलेले आकडे असतात. .२७० विंचेस्टर १९२५ साली आली तेव्हा १३० ग्रेनच्या गोळीसाठी ३,१०० फुटांहून जास्त वेगाची जाहिरात होती. आज त्याच वजनाच्या साध्या फॅक्टरी काडतुसाच्या तक्त्यात ३,०६० दिसतो. काडतूस अशक्त झालेलं नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत सर्वसामान्य नेमबाजांच्या हातात क्रोनोग्राफ येऊ लागले, तोवर छापलेला आकडा पडताळून बघणारं घरोघरी कुणी नव्हतं. शिवाय पूर्वी दाब तांब्याचा छोटा तुकडा किती चेपला यावरून मोजत. .३०८ विंचेस्टरची मर्यादा त्या पद्धतीत ५२,००० आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीत ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). दोन्ही आकडे एकाच मर्यादेचे आहेत, आणि एकातून दुसरा काढायचं भरवशाचं सूत्र नाही. जुन्या पुस्तकातलं प्रमाण आणि नव्या पुस्तकातला वेग अशी सरमिसळ करून कधीच मोजू नका.

पहिली पायरी: मोजणाऱ्यालाच मोजा

तूट दिसली की आधी क्रोनोग्राफवर संशय घ्यायचा. प्रकाशावर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या यंत्रात दोन पडदे असतात, आणि गोळीची सावली एकावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला यावरून वेग निघतो. पडद्यांमधलं अंतर दोन फूट असेल आणि दांडी नीट न बसल्याने त्यात एक-अष्टमांश इंचाची चूक झाली, तर ती अर्धा टक्का. २,८०० फुटांवर सरळ चौदा-पंधरा फुटांचा फरक. एक पडदा पुढे कलला आणि दुसरा मागे, तर तेवढी चूक सहज होते.

असं यंत्र नळीच्या तोंडापासून दहा ते पंधरा फुटांवर ठेवतात. त्याहून जवळ आणलं तर तोंडातून निघणारा वायूचा लोट पडद्यांना फसवतो. पण पुस्तकातला वेग नळीच्या तोंडाशी असतो आणि तुमचा पंधरा फुटांवरचा. .३० कॅलिबरच्या १६५-१६८ ग्रेन गोळीचा तेवढ्यात आठ-दहा फूट वेग कमी होतो. .२२३ च्या ५५ ग्रेनच्या हलक्या गोळीचा वीस-पंचवीस. कमी उंचीचा सूर्य, ढगांची ये-जा, बंद रेंजमधल्या ट्यूबलाइटचं लुकलुकणं, या सगळ्यांनी आकडे हलतात. पडद्यांवरच्या पांढऱ्या पट्ट्या लावायला कंटाळू नका.

नळीला पट्ट्याने बांधायचं चुंबकीय यंत्र, किंवा लॅबरडार आणि गार्मिन झेरो यांसारखी रडारवर चालणारी यंत्रं यातले बहुतेक घोळ टाळतात. रडार गोळीचा पाठलाग करून नळीच्या तोंडाशी वेग किती असेल ते काढतं. रेंजवर कुणाकडे असं यंत्र असेल तर नम्रपणे विचारा, आणि एकाच गोळीचा वेग दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी नोंदवा. पाच गोळ्यांत तुमच्या यंत्राचा स्वभाव कळतो. आजवर मला यासाठी कुणी नाही म्हटलेलं नाही.

दुसरी पायरी: पाच गोळ्यांवर निकाल देऊ नका

समजा तुमच्या काडतुसांचं प्रमाणित विचलन, म्हणजे वेग सरासरीभोवती साधारण किती पसरतात ते, १५ फूट आहे. घरी भरलेल्या शिकारी काडतुसांसाठी ते वाईट नाही. पाच गोळ्यांची सरासरी काढली तर खरी सरासरी तिच्या वर किंवा खाली सुमारे १९ फुटांपर्यंत कुठेही असू शकते. दहा गोळ्या झाडल्या तर हा पट्टा अकरावर येतो, वीस झाडल्या तर सातवर. म्हणजे तीन गोळ्या झाडून 'या दारूने वीस फूट जास्त दिले' असं म्हणण्यात अर्थ नाही. मी कमीत कमी दहाची सरासरी घेतो. गोळ्यांमध्ये नळीला थंड व्हायला वेळ देतो, आणि काडतूस गरम चेंबरमध्ये बसवून गप्पा मारत नाही. तापलेल्या चेंबरात दोन मिनिटं राहिलेल्या काडतुसाची दारू गरम होते आणि तो आकडा इतरांत मिसळला की सरासरी बिघडते.

तिसरी पायरी: त्याच कॅलिबरचं फॅक्टरी काडतूस झाडा

सगळ्यात उपयोगी युक्ती हीच, आणि तीच बहुतेक जण वगळतात. साधारण त्याच वजनाच्या गोळीचं एक खोकं विकत घ्या, त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, त्याच थंडीत दहा गोळ्या झाडा आणि खोक्यावर छापलेल्या वेगाशी ताडून बघा.

माझ्या फॅक्टरी काडतुसाच्या खोक्यावरही २,८०० होतं. सरासरी आली २,७०५. म्हणजे पंचाण्णव फुटांची तूट तर कारखान्यात बनलेल्या काडतुसालाही होती! माझ्या भरण्याचा दोष असलाच तर तो उरलेल्या पंधरा फुटांपुरता. फॅक्टरीत वापरलेली दारू वेगळी असते, थंडीचा तिच्यावर परिणाम वेगळा होतो, म्हणून ही तुलना तंतोतंत नाही. पण दिशा दाखवायला पुरेशी आहे. दोन्ही सारखेच मागे पडले तर कारण नळी, हवामान किंवा यंत्र. फॅक्टरी काडतूस छापील वेगाला पोहोचलं आणि तुमचंच मागे राहिलं, तर टेबलावर परत जा.

चौथी पायरी: नळीची लांबी स्वतः मोजा

कॅटलॉगमधल्या लांबीवर जाऊ नका. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, आधी डोळ्यांनी आणि मग चेंबरात बोट घालून. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद करा. सफाईची काठी तोंडाकडून हळूच आत सोडा, ती बोल्टच्या तोंडाला टेकली की नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा, बाहेर काढून मोजा. नळीच्या लांबीत चेंबरही धरतात. पुढे मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तोंडावरचा जोड) बसवला असेल तर तो वेगाच्या हिशेबात धरायचा नाही.

काडतूस पेटल्यावर दाब शिखरावर पोहोचतो तो गोळी नळीत जेमतेम दोन-तीन इंच सरकलेली असताना. तिथून पुढे दाब उतरत जातो, पण वायू गोळीला ढकलत राहतो. नळी जिथे संपते तिथे ढकलणं संपतं. .३०८ किंवा .३०-०६ सारख्या काडतुसात दर इंचाला वीस ते तीस फूट असा अंदाज धरतात. मोठ्या मॅग्नम काडतुसांत हळू जळणारी दारू भरपूर असते, तिथे तीस ते पन्नास. माझी नळी बावीस इंच, पुस्तकाची चोवीस. दोन इंचांचे पन्नास फूट. एकशे दहातली जवळपास अर्धी तूट इथेच भरून निघाली.

पुस्तकाच्या पानावर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नळीची लांबी छापलेली असते, तीही वाचा. सगळे चोवीस इंचच वापरतात असं नाही. काही जण सव्वीस वापरतात, विशेषतः मॅग्नमसाठी, आणि काही प्रकाशक चाचणी-नळीऐवजी दुकानात मिळणारी रायफल वापरून तिचं नाव देतात. अशा पुस्तकातला वेग तुमच्या अनुभवाच्या जास्त जवळ जातो, असं माझं निरीक्षण आहे.

पाचवी पायरी: थंडी

पुस्तक ७० अंशांचं आणि मी २० अंशांत, म्हणजे पन्नास अंशांचा फरक. जुन्या धाटणीच्या दारूत, विशेषतः बऱ्याच बॉल पावडरमध्ये (गोल दाण्यांच्या दारूत), दर अंश फॅरनहाइटला एक फूट वेग जाणं नवलाचं नाही. म्हणजे पन्नास. एच-४३५० आणि वार्गेट या ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या दारू तापमानाला कमी दाद देतात म्हणून तर लोकप्रिय आहेत. पण 'कमी' म्हणजे 'अजिबात नाही' असं नाही. माझा फरक वीस फुटांच्या आसपास निघाला. हे मी कसं ठरवलं? तीच काडतुसं मे महिन्यात दुपारी परत झाडली.

मात्र एक धोका लक्षात ठेवा. हिवाळ्यात वेग कमी दिसला म्हणून दारू वाढवलीत, आणि तीच काडतुसं जुलैत गाडीच्या डिकीत तापली, तर थंडीने झाकलेला दाब त्या दिवशी उघडा पडेल. नवं प्रमाण ठरवायचं ते उन्हाळ्यात.

सहावी पायरी: आता टेबलाकडे

इथे वेळ द्या, कारण इथल्या चुका तुमच्या हातातल्या आहेत.

सर्वात आधी तराजू. गुरूजींनी मला पहिल्या दिवशी काय सांगितलं असेल तर ते हे, आणि मी नेमकं तेच विसरलो होतो. इलेक्ट्रॉनिक तराजू थंड गॅरेजमध्ये चालू केल्या केल्या हलतो. त्याला अर्धा तास तापू द्या, मग तपासणीच्या वजनाने पडताळा. तपासणीचं वजनही तुमच्या दारूच्या वजनाजवळचं असावं. पन्नास ग्रॅमचं वजन बरोबर दाखवणारा तराजू तीन ग्रॅमला चुकू शकतो. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, तेव्हा केवढं बारीक काम आहे बघा. माझा तराजू ०.३ ग्रेन जास्त दाखवत होता, म्हणजे दारू प्रत्यक्षात तेवढी कमी पडत होती. .३०-०६ मध्ये एका ग्रेनमागे वेग पन्नास फुटांच्या आसपास बदलतो, म्हणून ०.३ चे पंधरा. फॅक्टरी काडतूस आणि माझं काडतूस यांच्यातले ते पंधरा फूट हेच. नशीब की चूक या बाजूला झाली. तराजू उलट्या बाजूला चुकला असता तर वेग छान दिसला असता आणि मी खूश होऊन तसंच भरत राहिलो असतो.

मग दारूचं नाव. एच-४३५० आणि आयएमआर-४३५० या वेगवेगळ्या दारू आहेत. आकडा सारखा आहे म्हणून एकीचं प्रमाण दुसरीला चालत नाही. हेच एच-४८९५ आणि आयएमआर-४८९५ यांचं. डब्यावरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचा, मग तक्त्यातलं वाचा. टेबलावर एका वेळी एकच डबा. त्याच नावाच्या दारूतही लॉट बदलला की वेग थोडा बदलतो, म्हणून नवा डबा उघडला की प्रमाण थोडं खाली आणून परत वर चढायचं. दारू हवेतला ओलावा घेते आणि सोडतेही. दमट झाली तर हळू जळते, कोरडी पडली तर जोरात. कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत मोजणीच्या यंत्रात दारू रात्रभर उघडी ठेवणं म्हणूनच वाईट. काम झालं की दारू मूळ डब्यात, झाकण घट्ट.

पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाची, पोकळी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. पोकळी मोठी असेल तर तेवढ्याच दारूचा दाब आणि वेग कमी. मोजायची पद्धत सोपी आहे. तुमच्याच रायफलीतून झाडलेली, अजून डायमध्ये (मापात आणणाऱ्या साच्यात) न घातलेली पुंगळी घ्या, जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) तसाच राहू द्या. रिकामी वजन करा. काठोकाठ पाणी भरा, वर फुगवटा येऊ देऊ नका, हवेचे बुडबुडे टिचकी मारून काढा. परत वजन करा. फरक म्हणजे पाण्याच्या ग्रेनमध्ये पोकळी. .३०-०६ ची अडुसष्ट-एकोणसत्तर ग्रेनच्या आसपास भरते. पाचेक पुंगळ्यांची सरासरी घ्या आणि वहीत कंपनीच्या नावापुढे लिहा.

लष्करी पुंगळ्यांबद्दल एक अर्धवट समज सगळीकडे ऐकू येतो, की त्या जाड, त्यांची पोकळी कमी. ७.६२ मिलिमीटरच्या (.३०८ च्या लष्करी भावंडाच्या) बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे, आणि म्हणून .३०८ ची पूर्ण भरलेली प्रमाणं त्यात थोडी उतरवून घेतात. .२२३ मध्ये लेक सिटी या अमेरिकी लष्करी कारखान्याच्या पुंगळ्यांची पोकळी नागरी पुंगळ्यांपेक्षा कमी असतेच असं नाही. समजावर जाऊ नका, पाणी भरून बघा.

प्रायमर बदलला तर वेग बदलतो, कधी दहा फूट, कधी तीस. मॅग्नम (जास्त जोरदार ठिणगीचा) प्रायमर घातला की वेग वाढेलच असंही नाही, पण दाब नक्की बदलतो. म्हणून तक्त्यात जो लिहिलाय तोच वापरा. नाही मिळाला तर सुरुवातीच्या प्रमाणापासून पुन्हा चढा. पुंगळी अर्धवटच भरलेली असेल तर दारू आत पुढे-मागे सरकते, आणि रायफल खाली झुकवून मग उचलली की वर धरून मग उतरवली, यानेही वेग बदलतो. पुंगळी जवळपास भरून जाईल अशी दारू निवडली की ही कटकट संपते.

गोळी. वजन सारखं म्हणून प्रमाण सारखं, ही समजूत महागात पडते. नळीच्या भिंतीला घासणारा भाग एकीचा लांब, दुसरीचा आखूड. एकीत शिसं आणि तांब्याचं कवच, दुसरी अख्खी तांब्याची. तांब्याची गोळी त्याच वजनात लांब होते, पुंगळीत जास्त जागा खाते, दाब वेगळा बनवते. तिला तिचाच तक्ता. आणि गोळी किती खोल बसवली हेही बघा. तुम्ही ती पुस्तकापेक्षा बाहेर ठेवून, पण रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) न टेकवता बसवली असेल, तर पोकळी वाढते आणि थोडा वेग जातो. याउलट अचूकतेच्या मागे लागून ती रायफलिंगला टेकवलीत तर दाब एकदम वर जातो. मधल्या अंतराची नोंद ठेवा.

उरलेलं: तुमच्या नळीचा स्वभाव

माझा हिशेब असा लागला: नळीच्या लांबीचे पन्नास, थंडीचे वीस, यंत्र पंधरा फुटांवर असल्याचे नऊ, तराजूचे पंधरा. झाले चौऱ्याण्णव. उरले सोळा. ते त्या नळीचे.

एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या दोन नळ्यांमध्ये पन्नास फुटांचा फरक पडणं अगदी साधं आहे, कधी त्याहूनही जास्त पडतो. आतला व्यास केसभर कमी-जास्त, थ्रोट (चेंबरपुढची, रायफलिंगआधीची जागा) लांब की आखूड, भिंती किती गुळगुळीत. नव्या नळीचा वेग पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत थोडा चढतो, आणि हजारो गोळ्यांनंतर थ्रोट झिजला की उतरतो. इथली माणसं 'स्लो बॅरल' आणि 'फास्ट बॅरल' म्हणतात. मंद नळीत दोष नसतो. माझ्या ओळखीची सगळ्यात अचूक रायफल मंदच आहे.

दारू वाढवून का भरून काढायचं नाही

दाब वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्यापुढे पळतो. वेग एक टक्क्याने वाढवायला दाब साधारण दोन टक्क्यांनी किंवा जास्त वाढवावा लागतो, आणि कमाल प्रमाणाजवळ गणित आणखी बिघडतं. मला एकशे दहा फूट दारूने भरून काढायचे असते तर वेग चार टक्क्यांनी वाढवायचा होता, म्हणजे दाब आठ-नऊ टक्क्यांनी. .३०-०६ ची मर्यादा ६०,००० पीएसआय आहे. कमाल प्रमाणावरून निघालो असतो तर ६५,००० च्या वर गेलो असतो, आणि कशासाठी? तर दोन इंच नळी कमी आहे यासाठी.

'पण प्रायमर अजून चपटा झालेला नाही' हे वाक्य मी रेंजवर फार ऐकतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. चपटा प्रायमर, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरची चमकदार खूण, जड उचलला जाणारा बोल्ट ही लक्षणं बहुधा मर्यादा ओलांडून बरंच पुढे गेल्यावर दिसतात. काही रायफलींत तोवरही दिसत नाहीत. मऊ प्रायमर साध्या दाबालाही चपटा होतो, कडक प्रायमर भयंकर दाबालाही गोल राहतो. एका ओळखीच्या माणसाने असंच अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने चढवत पुस्तकातला वेग गाठला होता. प्रायमर छान गोल होते. मग एका गरम दुपारी बोल्ट उघडेना. रबरी हातोड्याने उघडला तेव्हा पुंगळीची प्रायमरची जागा इतकी सैल झाली होती की प्रायमर खाली गळून पडला. डोळे, हात शाबूत राहिले. त्या दिवसापासून तो माझ्यापेक्षा जास्त सावध झालाय.

तुमच्याकडे दाब मोजायचा सेन्सर नाही. पण क्रोनोग्राफ आहे, आणि तो सूचना देतो. पुस्तकातल्या कमाल वेगातून नळीच्या लांबीचा फरक वजा करा; तुमचा वेग त्या उरलेल्या आकड्याएवढा आला, तर तुमचा दाबही कमालीजवळ पोहोचला असं धरा, मग दारू तक्त्यातल्या कमाल प्रमाणापेक्षा कमी का असेना. तिथेच थांबा. वेग पुस्तकापेक्षा जास्त आला तर आनंद मानू नका. खाली उतरा आणि कारण शोधा. आणि दारू कमाल प्रमाणाला पोहोचली पण वेग कमी राहिला, तरीही तिथेच थांबा. वेग आणि वजन, यांतलं जे आधी मर्यादेला लागेल ते तुमची मर्यादा.

जास्त वेग खरोखरच हवा असेल तर प्रामाणिक वाटा तीनच आहेत: तक्त्यात त्या गोळीला जास्त वेग देणारी दुसरी दारू, थोडी हलकी गोळी, किंवा लांब नळी. त्याहून जास्त हवं असेल तर मोठं काडतूस.

या तुटीने बिघडतं किती

.३०-०६ च्या १८० ग्रेन गोळीचा वेग २,७०० वरून २,६०० झाला आणि रायफल २०० यार्डांवर झिरो केलेली (त्या अंतरावर नेम बरोबर लागेल अशी जुळवलेली) असली, तर ३०० यार्डांवर गोळी पाऊण इंच जास्त खाली लागते. हरणाच्या छातीवर पाऊण इंच! त्या अंतरावर माझा श्वास याहून जास्त हलवतो. ६०० यार्डांच्या लक्ष्यावर मात्र फरक मोठा होतो, पण तिथेही प्रश्न वेग कमी असण्याचा नसतो. वेग चुकीचा धरण्याचा असतो. बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये पुस्तकातले २,८०० टाकले तर गोळी खाली जाईल, स्वतः मोजलेले २,६९० टाकले तर बरोबर लागेल.

म्हणून मी प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी चिकटवतो: तारीख, तापमान, दारू आणि लॉट, पुंगळीची कंपनी, प्रायमर, गोळी बसवलेली लांबी, दहा गोळ्यांची सरासरी, विचलन. पुस्तकातला वेग त्यावर लिहीत नाही. तराजू दुरुस्त केल्यावर, मे महिन्यातल्या त्या दुपारी, त्याच प्रमाणाच्या नव्या चिठ्ठीवर मी लिहिलं: ७२ अंश, सरासरी २,७२४. जुन्या चुकीच्या वजनाची उरलेली दहा काडतुसंही त्याच दिवशी झाडली, ती २,७०९ वर आली. पुढच्या शरद ऋतूत एल्कच्या शिकारीला त्याच प्रमाणाची काडतुसं घेऊन गेलो.